कव्हर लेटर लिहायला बसले आणि तिसऱ्या वाक्याला अडकले, कोणी सांगेल का काय लिहायचं असतं?

रामबागची_लॅबवाली

नमस्कार मंडळी. इथे इंदूरचे बरेच जण आहेत म्हणून विचारून राहिलेय, हसू नका प्लीज. माझं होळकर कॉलेजमधून एमएससी केमिस्ट्री झालंय, मग तीन वर्षं एका सोया तेलाच्या प्लांटच्या लॅबमध्ये होते (नाव नको, अर्ध्या गावाला कळेल). मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, दादा बाहेर, आईचे गुडघे गेलेले, तर नोकरी सोडली. दोन वर्षं होत आली त्याला. आता बाबा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, भाजीवाल्याशी भावावरून भांडतात सुद्धा, म्हणजे बरे आहेत. तर मी परत अर्ज टाकायला सुरुवात केलीये.

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका फार्मा कंपनीत क्यूसी केमिस्टची (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची लॅबमध्ये तपासणी) जागा आहे. बायोडाटा तयार आहे. पण त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कव्हर लेटरचा वेगळा डबा आहे आणि त्याला लाल स्टार, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

शाळेत शिकवलं होतं ते आठवून आधी लिहिलं, रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युवर ॲडव्हर्टाइजमेंट, आय बेग टू ॲप्लाय वगैरे. मावसबहिणीने वाचलं, म्हणे हा तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी द्यायचा अर्ज आहे का. मग एआयकडून लिहून घेतलं. त्यात मी पॅशनेट आहे, डायनॅमिक आहे, रिझल्ट ओरिएंटेड आहे आणि मला त्या कंपनीबद्दल डीप ॲडमिरेशन आहे. बाबांना मराठीत अर्थ सांगितला तर ते म्हणाले, ही मुलगी कोण, आपल्याकडे राहते का?

तर मला हे कळत नाहीये की बायोडाट्यात सगळं आहेच तर पत्रात वेगळं काय लिहायचं, तेच परत लिहायचं का? दोन वर्षांच्या गॅपचं सांगायचं की विचारेपर्यंत गप्प बसायचं? आणि मी तेलाच्या लॅबमधली, औषधाच्या लॅबमध्ये कधी पाय ठेवला नाही, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलला बघितलंय, ते लिहिलं तर आपणच आपला पत्ता कापल्यासारखं नाही का होत? शेवटची तारीख परवा आहे.


भिया_कोडर

ताई टेन्शन घेऊ नको, कोणी वाचत नाही. मी सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे, आत्तापर्यंत चार कंपन्या बदलल्या, एकदाही कोणी पत्राचा विषय काढला नाही. एआयने दिलंय ते चिकटव, सबमिट मार, जाऊन पोहे खा.


पाळी_बी

भिया, तुमच्या लाइनमध्ये नसेल वाचत. सगळं जग कोडिंग नाही.

लॅबवाली, मी पीथमपूरलाच क्यूसीत आहे, नऊ वर्षं झाली, बी शिफ्ट माझ्या नशिबाला कायमची चिकटलीये त्यामुळे उत्तर उशिरा येतं माझं. आमच्याकडे एचआर छाननी करून वीसेक अर्ज लॅबच्या मॅनेजरकडे पाठवतं आणि तो माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचतो, आणि तो पत्र वाचतो, कारण बायोडाटे सगळे सारखेच असतात. टायट्रेशन येतं, पीएच मीटर येतं, टीममध्ये काम करता येतं. बरं मग?

तू आधी पत्र बाजूला ठेव आणि मला एक सांग. तीन वर्षांत असं कधी झालं का की मशीन किंवा रिपोर्ट एक सांगत होता आणि तुला पटलं नाही? किंवा तू काही केलंस आणि लॅबमधली एखादी पद्धत बदलली? मोठं काही नको. आठव.


रामबागची_लॅबवाली

मोठं काही नाही दादा. रोजचं काम, तेलाचे सॅम्पल यायचे, ॲसिड व्हॅल्यू, ओलावा, रंग, पेरॉक्साइड व्हॅल्यू, आयोडीन व्हॅल्यू, रजिस्टरमध्ये लिहा, पुढचं सॅम्पल. हंगामात तर मान वर करायला वेळ नसायचा.

हां, एकदा एक झालं होतं. सलग तीन दिवस पेरॉक्साइड व्हॅल्यू जास्त येत होती. म्हणजे तेल खवट व्हायला लागलंय असा अर्थ निघतो. प्रॉडक्शनवाले लॅबवर चिडलेले, लॅब प्रॉडक्शनवर, टँक अडवून ठेवलेला. मी वास घेतला तर तेल अगदी ताजं. ब्युरेटसमोर उभी होते आणि स्टार्चचा तो निळा रंग जाता जाईना, थेंबावर थेंब, तेव्हा डोक्यात आलं की तेलात दोष नसून थायोसल्फेटच (ब्युरेटमधून थेंब थेंब टाकतो ते मोजणीचं द्रावण) मेलं असेल तर? बाटली बघितली तर खिडकीत, उन्हात, आणि वर तारीखच नाही. पोटॅशियम डायक्रोमेटने स्टँडर्डाइज केलं, म्हणजे त्याची खरी तीव्रता तपासली, लेबलवर 0.01 नॉर्मल लिहिलेलं आणि निघालं 0.0078. द्रावण पातळ म्हणून जास्त लागत होतं आणि आम्ही हिशेबात 0.01 धरत होतो, म्हणून आकडा फुगत होता. नवीन द्रावण करून परत केलं, तिन्ही सॅम्पल पास. त्यानंतर मी प्रत्येक बाटलीवर बनवल्याची तारीख, परत तपासायची तारीख आणि सही लिहायला लावली. सगळे मला तारीखवाली मॅडम म्हणायला लागले, चिडवायला.

पण हे काय पत्रात लिहायचं? हे तर बीएससीच्या पोरालाही माहीत असतं.


पाळी_बी

अगं बाई!! हे माहीत सगळ्यांना असतं, करत कोणी नाही. तू जे केलंस ना त्याला आमच्याकडे ओओएस इन्व्हेस्टिगेशन म्हणतात, आउट ऑफ स्पेसिफिकेशन. रिझल्ट मर्यादेबाहेर आला की पहिला प्रश्न हाच, चूक मालात आहे की लॅबमध्ये? फार्मा क्यूसीचं अर्धं आयुष्य या एका प्रश्नात जातं, आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये शेड्यूल एमचे, म्हणजे औषधं कशी बनवायची याचे सरकारी, सुधारलेले नियम नोटिफाय झाल्यापासून तर लहान लहान कंपन्यासुद्धा कागदपत्रांच्या बाबतीत जाग्या झाल्यात. तुझं अख्खं पत्र म्हणजे ही एक गोष्ट, बाकी सगळं तिच्या आजूबाजूला.

फक्त एक विचारतो आणि हे महत्त्वाचं आहे, नीट आठवून सांग. परत टेस्ट केलीस ती कारण सापडल्यावर की आधी? आणि जुने फेल आकडे रजिस्टरमध्ये होते त्यांचं काय केलंस?


रामबागची_लॅबवाली

कारण सापडल्यावरच. आधी स्टँडर्डाइज केलं, मग इनचार्ज सरांना आकडे दाखवले, ते म्हणाले नवीन बनवून परत करा. जुने आकडे खोडले नाहीत, एक जण म्हणाला होता पान फाडून नवीन लिहू, मी नाही म्हटलं, शेजारी लाल पेनाने कारण लिहून तारीख टाकून सरांची सही घेतली. का?


पाळी_बी

कारण तू हे पत्रात असं लिहिलंस की "रिझल्ट फेल आला म्हणून मी परत टेस्ट केली आणि पास झाला" तर वाचणारा माणूस डबा बंद करेल. आमच्याकडे पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं हे पाप आहे, ऑडिटवाले त्यावरून फाडून खातात. आधी लॅबची चूक सिद्ध झाली, वरच्यांची परवानगी घेतली, मग परत टेस्ट, जुने आकडे जागेवर, हा क्रम त्याच क्रमाने लिही. तू नकळत बरोबर केलंयस, पण लिहिताना एक वाक्य वरखाली झालं तर नेमका उलटा अर्थ निघतो. आणि पान फाडू दिलं नाहीस हे जरूर घाल, पण कोण फाडत होता ते नको, जुन्या कंपनीची उणीदुणी पत्रात काढायची नाहीत.

एचपीएलसीचं खरं काय ते लिही. खोटं लिहिलंस तर इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न कॉलम कोणता वापरला, मोबाइल फेज काय होती, बेसलाइन हलायला लागली तर आधी काय बघाल, चार मिनिटांत उघडी पडशील. डेटा खरा ठेवणं हीच जिथे नोकरी आहे तिथे अर्जातच डेटा खोटा?


पुण्यात_पण_इंदुरी

मी गेली बरीच वर्षं पुण्यात रिक्रूटमेंट करतेय, माहेर राजेंद्र नगर. भिया_कोडरला अर्धं बरोबर म्हणेन. मी पण सगळी पत्रं वाचत नाही. आधी बायोडाटा उघडते. सरळ सोपा असेल तर पत्राकडे बघतही नाही. काही खटकलं तर मात्र लगेच पत्र उघडते, की बाई याचं उत्तर हिने दिलंय का. खटकतं म्हणजे काय, मध्येच दोन वर्षं गायब, किंवा लाइनच बदलली, किंवा राहते एका गावात आणि अर्ज दुसऱ्या गावात. तुझ्यात यातल्या दोन गोष्टी आहेत लॅबवाली, म्हणून तुझं पत्र उघडलं जाणारच असं समज. आणि म्हणूनच त्यात बायोडाटा परत उतरवायचा नाही, बायोडाटा वाचून समोरच्याच्या मनात जी शंका येईल तिचं उत्तर तिथे द्यायचं.

गॅपचं लिही, लपवू नकोस. पण एका वाक्यात, आणि पहिल्या परिच्छेदात नाही. "घरातल्या आजारपणामुळे दोन वर्षं नोकरीपासून दूर होते, आता ती व्यवस्था लागली आहे, पूर्ण वेळ येऊ शकते." संपलं. कोणाला काय झालं, कोणत्या हॉस्पिटलमध्ये होते, तू किती रात्री जागलीस, हे मला वाचताना वाईट वाटतं पण त्यावर मी काही करू शकत नाही. उलट शंका येते की अजून प्रश्न संपलेला नाही. "अनफॉर्च्युनेटली" आणि "सॉरी" हे दोन शब्द पत्रात दिसता कामा नयेत. दोन वर्षांत काही शिकली असशील, एखादा ऑनलाइन कोर्स वगैरे, तर अर्धी ओळ टाक, नसेल तर नको, बापाला उभं केलंस हे काही कमी नाही पण ते पत्रात नाही बसत.

आणि हो, रिस्पेक्टेड सर!! मला रोज येतात. मी बाई आहे हो. नाव माहीत असेल तर नाव लिही, कंपनीच्या साइटवर किंवा जाहिरातीत बघ, नसेल सापडत तर डिअर हायरिंग मॅनेजर चालतं, त्यात कोणाचा अपमान नाही. जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, आधार नंबर, यातलं काहीही पत्रात नको. स्थळासाठी बायोडाटा देतो तसे अर्ज येतात कधी कधी, रास आणि गोत्र तेवढं बाकी असतं.

डब्याचं म्हणशील तर आधी बघ किती अक्षरं मावतात. साध्या नोटपॅडमध्ये लिही आणि तिथून चिकटव, वर्डमधून टाकलंस तर ठळक अक्षरं आणि टिंबं सगळी विस्कटतात. अडीचशे तीनशे शब्द पुष्कळ झाले. वेगळी फाइल मागितली असती तर एक पान, पीडीएफ, आणि फाइलला तुझं नाव. माझ्या डाउनलोडमध्ये आत्ता "फायनल फायनल 2" नावाच्या सहा फाइली आहेत सहा वेगळ्या माणसांच्या.


निवृत्त_पर्सोनेल

बेटा, सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, म्हाताऱ्याचे दोन पैसे. आमच्या वेळी एचआर नव्हतं, पर्सोनेल होतं, नव्वदच्या दशकात मी पीथमपूरला एका कारखान्यात त्याच टेबलावर होतो. अर्ज पोस्टाने यायचे, शिपाई सुतळीने बांधलेला गठ्ठा आणून टाकायचा आणि मी लाल-निळी पेन्सिल घेऊन बसायचो, निळी खूण म्हणजे बोलवा, लाल म्हणजे राम राम. बहुतेक अर्ज छापल्यासारखे, कारण बाजारात पत्रलेखनाची पुस्तकं मिळायची आणि एकच नमुना सगळे उतरवायचे. एकाने तर पुस्तकातलं "येथे कंपनीचे नाव लिहा" हेसुद्धा उतरवलं होतं.

त्यात एक अर्ज बॉयलर अटेंडंटचा होता, धारकडचा माणूस, हिंदीत, वहीच्या फाडलेल्या पानावर, अक्षर बरं नव्हतं. लिहिलं होतं काय तर माझ्या पाळीत सात महिन्यांत बॉयलर एकदाही अचानक बंद पडला नाही, कारण सॉफ्टनरचं पाणी मी रोज पाळी सुरू व्हायच्या आधी स्वतः तपासतो, पाणी जड आलं तर नळ्यांत खपली धरते आणि मग सगळा प्लांट बसतो. बस्स, खाली सही. मी ते पान घेऊन तसाच प्लांट इंजिनिअरकडे गेलो. दुसरा एक अर्ज चार पानांचा, चुलते कुठे आहेत, मामा कुठे आहेत, आणि शेवटी कोणत्या पुढाऱ्याची ओळख आहे. त्यावर पेन्सिल मोडेपर्यंत लाल खूण केली. बॉयलरवाला पुढे बरीच वर्षं राहिला, भेटला की अजून नमस्कार करतो.

आणि एक सावध करतो, विषय निघालाच आहे तर. परत अर्ज टाकायला लागलीस की फोन येतील, सिलेक्शन झालं, गणवेशाचे किंवा कागद पडताळणीचे अमुक हजार भरा म्हणून. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. फोन ठेवून द्यायचा, वाद घालत बसायचं नाही.


भिया_कोडर

काका, "येथे कंपनीचे नाव लिहा" आजही येतं, फक्त आता चौकोनी कंसात येतं 😄 माझ्याच एका मित्राने तसंच पाठवलं होतं.

बरं मी माझे शब्द थोडे मागे घेतो. पण एआयला शिव्या देऊ नका, वापरायची पद्धत असते. लॅबवाली, तू आधी स्वतः लिही, मोडक्या इंग्रजीत का होईना, मग त्याला सांग फक्त व्याकरण नीट कर, नवीन शब्द घालू नको, विशेषणं वाढवू नको, आकडे बदलू नको. आणि आलेलं परत वाच, कारण तो गुपचूप एखादं "प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड" घुसवतोच. एचपीएलसी चार वर्षं चालवलंय असंही लिहून देईल, त्याला काय, इंटरव्ह्यूला तू जाणार.


रामबागची_लॅबवाली

रात्रीचे साडेबारा झालेत, आई दोनदा येऊन दिवा बंद कर म्हणून गेली, पण लिहिलं. इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते म्हणजे तुम्हाला तपासता येईल.

"डिअर हायरिंग मॅनेजर, क्यूसी केमिस्टच्या जागेसाठी हा अर्ज. तुमच्या नामांकित कंपनीच्या जाहिरातीत वेट केमिस्ट्री आणि डॉक्युमेंटेशन या दोन गोष्टी सगळ्यात आधी लिहिल्या आहेत. तीन वर्षं मी रोज हेच केलं, खाद्यतेलाच्या लॅबमध्ये, हंगामात दिवसाला पंचवीस ते तीस सॅम्पल.

एकदा सलग तीन दिवस पेरॉक्साइड व्हॅल्यू मर्यादेबाहेर येत होती. तेलाच्या वासावरून मला ते पटलं नाही म्हणून मी वापरात असलेलं थायोसल्फेट स्टँडर्डाइज केलं. लेबलवर 0.01 नॉर्मल होतं, प्रत्यक्षात 0.0078 निघालं. लॅब इनचार्जना आकडे दाखवून, त्यांच्या परवानगीने नवीन द्रावणाने टेस्ट परत केली आणि तिन्ही सॅम्पल मर्यादेत आले. आधीचे आकडे रजिस्टरमध्ये तसेच ठेवून शेजारी कारण, तारीख आणि सही नोंदवली. त्यानंतर प्रत्येक द्रावणावर बनवल्याची आणि पुन्हा तपासायची तारीख लिहायची पद्धत मी सुरू केली आणि नोकरी सोडेपर्यंत त्याचं रजिस्टर माझ्याकडे होतं.

एचपीएलसी मी एमएससीच्या प्रॅक्टिकलमध्ये वापरलं आहे, नोकरीत नाही, पण मला शिकायची खूप इच्छा आहे आणि मी लवकर शिकते. घरातल्या आजारपणामुळे दोन वर्षं नोकरीपासून दूर होते, आता ती व्यवस्था लागली आहे. मी लगेच रुजू होऊ शकते. आपण माझा सहानुभूतीने विचार कराल अशी आशा. आपली विश्वासू."

कसं आहे? खरं सांगा. बाबा म्हणाले आता ओळखू येते.


पुण्यात_पण_इंदुरी

बाबांना माझा नमस्कार सांग, ते एचआरमध्ये हवे होते.

"नामांकित" काढ. "सहानुभूतीने" तर आधी काढ, तू मदत मागायला आली नाहीयेस, त्यांना केमिस्ट हवाय आणि तू केमिस्ट आहेस. शेवटी साधं लिही की भेटून बोलायला आवडेल. आणि जाहिरातीत जॉब कोड असेल तर पहिल्या ओळीत टाक, एका वेळी चार जागा निघालेल्या असतात. "लवकर शिकते" हे सगळेच म्हणतात, त्यापेक्षा लवकर काय शिकलीस ते सांग. जाहिरातीत एचपीएलसी "मस्ट" लिहिलंय की "प्रिफर्ड"?


रामबागची_लॅबवाली

प्रिफर्ड लिहिलंय. लवकर शिकलेलं म्हणजे... आयोडीन व्हॅल्यूची विज पद्धत मला येत नव्हती, आमच्याकडे एकच सीनियर करायच्या, त्या बाळंतपणाला गेल्या तर मला आठ दिवसांत शिकून घ्यावी लागली, मग त्या परत येईपर्यंत मीच करत होते.


पाळी_बी

मग झालं की, "लवकर शिकते" खोडून तिथे हेच टाक. प्रिफर्डचा अर्थ आहे असलं तर चांगलं, नसलं तर शिकवू, फक्त माणूस सरळ हवा. मशीन शिकवायला फार दिवस लागत नाहीत, पान न फाडायची सवय लावायला जन्म जातो.

बाकी पत्र मस्त आहे, क्रम बरोबर आलाय. एकच, "तेलाच्या वासावरून" काढ आणि "तेल ताजं असूनही आकडा जास्त दिसल्यामुळे" असं काहीतरी कर. वास घेणं चूक नाही, तेलात चालतं, पण आमच्याकडे लॅबमध्ये कोणी काही हुंगलं की सेफ्टीवाला शिट्टी मारतो 😅 मॅनेजर उगाच तिथेच अडकेल. आणि पाळीत काम करायची तयारी असेल तर ते लिही, पीथमपूरला यायचं कसं ते पण, इंदूरहून रोज येणाऱ्यांबद्दल त्यांना ती धाकधूक असतेच की चार महिन्यांत कंटाळेल.


रामबागची_लॅबवाली

पाळीचं थोडं अडचणीचं आहे. दिवसपाळी आणि दुसरी पाळी जमेल, रात्रपाळी सुरुवातीला नाही जमणार बाबांमुळे. लिहू की नको?


पुण्यात_पण_इंदुरी

जाहिरातीत पाळीबद्दल काही नसेल तर "जनरल आणि दुसऱ्या पाळीत काम करू शकते, कंपनीच्या बसने किंवा स्वतःहून येण्याची सोय आहे" एवढं लिही. जे जमतं ते लिहायचं. रात्रपाळीचं त्यांनी विचारलं तर इंटरव्ह्यूत स्पष्ट सांग, तेव्हा हो म्हणून महिन्याभराने नाही म्हणणं सगळ्यात वाईट.


निवृत्त_पर्सोनेल

आणि सबमिट करायच्या आधी एकदा मोठ्याने वाच. जिथे श्वास अडकेल तिथे वाक्य तोड. मी माझ्या साहेबांची पत्रं अशीच तपासायचो, केबिनचं दार लावून.


रामबागची_लॅबवाली

सगळं केलं. मोठ्याने वाचलं, दोन वाक्यं तोडली, आईला वाटलं मी फोनवर भांडतेय. एआयला फक्त व्याकरण बघ म्हटलं तर खरंच शेवटी "आय ॲम थ्रिल्ड" घुसवलं होतं त्याने, काढलं. डब्यात दोन हजार अक्षरं मावत होती, माझं आधी जास्त भरलं, मग दिवसाला पंचवीस तीस सॅम्पल हे उडवलं, ते बायोडाट्यात आहेच.

पाठवलं आत्ता. बाबा बाहेरच्या खोलीतून विचारून राहिलेत की उत्तर आलं का. अकरा मिनिटं झालीत.


पाळी_बी

बाबांना सांग मॅनेजर आत्ता डबा खातोय.